चढावरचा आवाज

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आई गेल्यापासून ही वही बंद होती. आज उघडली ती सलीलमुळे. सलील माझा मावसभाऊ, पुण्यात असतो. सायकल आवाज करून राहिली म्हणून त्याला फोन केला तर म्हणाला, "आधी लिहून काढ. कधी येतो, कशावर येतो, किती वेळ येतो. कुठून येतो ते नंतर बघू. सायकलची फ्रेम पोकळ असते, पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो."

तर लिहिते. हिवरधऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स, तिथून सव्वादहाला निघाले. पहिले दोन किलोमीटर कपाशी आणि तुरीच्या वावरांमधली पांदण, तिथं काही नाही. नाला ओलांडला, सागाचं जंगल सुरू झालं, चढ लागला, आणि टक्. उजवा पाय खाली गेला की टक्. दर फेरीला एकदा. चढ संपला तसा आवाजही संपला.

सायकल सलीलचीच. डोंगरात चालवायची, पायडलपाशी मोटर बसवलेली. आपण पायडल मारलं की मोटर सोबत जोर लावते. त्यानं हौसेनं घेतली आणि चार रविवार चालवून पार्किंगमध्ये ठेवून दिली. सप्टेंबरच्या पुरात रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला, लिंगूच्या पोडाचा, जंगलापलीकडच्या आदिवासी वस्तीचा, गाडीरस्ता बंद झाला, तेव्हा त्यानं ती ट्रॅव्हल्सनं माझ्याकडे पाठवली. रपट्याच्या बाजूनं गेलं तर एकवीस किलोमीटरचा फेरा, वर कमरेएवढं पाणी. जंगलातून सहाच किलोमीटर. पायी पावणेदोन तास, सायकलनं पस्तीस मिनिटं.

पस्तीस मिनिटांना महत्त्व आहे. पोळ्यानंतर त्याच चढाच्या खालच्या अंगाला वाघानं एका गुराख्याला मारलं. वनरक्षक कपिल म्हणतो, "मॅडम, दहा ते चारमध्येच जा. थांबायचं नाही, वाकायचं नाही, घंटी वाजवत राहायचं." वाकलेलं माणूस जनावरासारखं दिसतं म्हणे. आणि आवाज कुठून येतो ते पाहायचं तर वाकावंच लागतं. मी वाकले नाही.

पोडावरच्या जमनीचं बीपी १४०/९०. आठवा महिना. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टरांना फोनवर विचारून गोळ्या सुरू केल्या. दर दोन दिवसांनी बघावं लागेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी गल्लीत सायकल काढली. सलीलनं सांगितलेलं एकेक करून पाहिलं. मोटर बंद करून, ब्रेक जरा धरून जोरात पायडल मारलं, तरी टक्. म्हणजे मोटर नाही. सीटवरून उठून मारलं, तरी टक्. म्हणजे सीट नाही. चेन काढली, दांडे हातानं फिरवले, आवाज नाही. वजन पडल्यावरच येतो.

बाबा पाटावर बसून बघत होते. बाबा एकतीस वर्षं वीज मंडळाच्या सबस्टेशनला ऑपरेटर होते. ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यावरून लोड सांगायचे. एकदा जेवता जेवता हातातला घास ठेवून उठले आणि फीडरची लाइन बंद केली. साहेब ओरडले. मग ट्रान्सफॉर्मर उघडून पाहिला तर आतलं जळायला लागलं होतं. मारेगावात अजून लोक ती गोष्ट सांगतात.

"पायडल काढून पहाय," बाबा म्हणाले. "डावं उलट्या आट्याचं असते बरं. घड्याळासारखं फिरवलं की सुटते."

दोन्ही पायडलं काढली. उजव्याचे आटे कोरडे ठणठणीत, आत वाळू. पुसून ग्रीस लावलं, घट्ट केलं. आज चढावर एकदाही टक् झालं नाही. येताना गाणं म्हटलं, अर्धं भीतीनं, अर्धं आनंदानं.

घरी आले तर वरण जळलेलं. कुकरनं किती शिट्ट्या दिल्या कोण जाणे. बाबा तिथंच ओट्याजवळ पेपर वाचत बसले होते. आई गेल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नसतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरा आवाज. हा टक् नाही. हा घर्रर्र आहे, दळणाच्या चक्कीत खडा गेल्यासारखा. मोटरचा जोर वाढवला की येतो. चढावरच येतो. मोटर बंद केली तर पूर्ण बंद. म्हणजे हा आवाज मोटरचाच आहे.

चढाच्या मध्यावर, जिथं दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या तरोट्याची दाट झुडपं आहेत, तिथं मी मोटर बंद करून पाहिली. तेवढ्यात सायकलचा वेग पायी चालण्याएवढा झाला. मांड्या थरथरायला लागल्या. परत चालू केली. घर्रर्र. आवाज येतो त्याची भीती, आणि बंद झाला तर त्याहून मोठी.

जमनी १४४/९४. मी म्हटलं, "मारेगावला चल, दवाखान्यात राहा."

ती म्हणाली, "कापूस वेचून होऊ दे बाई. आन् खाली याचं कसं, वाघ हाये ना."

हिवरधऱ्याच्या आशाताई धुरपताबाई आधी माझ्याबरोबर यायच्या. आता येत नाहीत. "म्या नाई येत. तुमीबी नका जाऊ ना मॅडम." त्यांचा राग येत नाही. गुराखी त्यांच्या चुलत दिराचा मुलगा होता.

संध्याकाळी बाबांना विचारलं, नळ आला होता का. म्हणाले, "हो, ठेवला आहे, आलं टाकून." चहा ठेवला होता. मी हसले. ते पण हसले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मोटरला फ्रेमशी धरणारे बोल्ट तपासले. एक अर्धा फेरा ढिला निघाला. तो आवळल्यावर शनिवारी गल्लीत आवाज आला नाही, पण गल्लीत चढ कुठे आहे. आज चढावर आला. आधीपेक्षा थोडा कमी. की मला कमी ऐकायचा होता म्हणून?

हेच कळेनासं झालं आहे. तिथं मी सगळ्याच आवाजांना कान देऊन असते. पानाचा आवाज, वानराचा आवाज, माझाच श्वास. मोटर खरंच घरघरते की माझं डोकं, हे कोणीतरी दुसऱ्यानं सांगावं असं वाटतं.

फोनवर आवाज रेकॉर्ड केला, हँडलला फोन बांधून. सलीलला पाठवला. त्यानं पुण्यातल्या मेकॅनिकला ऐकवला. तो म्हणतो, "बेअरिंग असू शकतं. पाणी शिरलं असेल. लांब नेऊ नका, मोटर काढून पाठवा, वीस दिवस लागतील." नाला मी दर खेपेला सायकलवरूनच ओलांडते. पाणी मोटरला लागतंच.

वीस दिवस. जमनीकडे वीस दिवस नाहीत.

बाबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवला, डोळे मिटले. बराच वेळ. मग डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं.

"तुला काय वाटते?"

"मला वाटतं साधाच असेल. लोडचा."

"लोडचाच आहे," ते म्हणाले. "मोटर लोड घेताना एवढं बोलतेच. चांगला आवाज आहे."

तरी मी म्हटलं, प्रत्यक्ष ऐका. सायकल उचलून धरली, मागचं चाक अधांतरी, पायडल फिरवलं. बाबांनी कान नाही लावला, तळहात ठेवला मोटरवर. "गरम नाही. ठीक आहे." जे ट्रान्सफॉर्मर ऐकत होते त्यांनी ठीक म्हटलं. पुण्याच्या मेकॅनिकनं तर फोनवरच ऐकलं होतं. आज हलकं वाटतं आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बुधवारी आणि आज, दोन खेपा झाल्या. घर्रर्र आहे. मी स्वतःला सांगते, लोडचा. बाबांनी सांगितलं आहे.

आज कपिल नाल्यापर्यंत सोबत आला. जंगलाच्या पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यात वाघीण दिसली म्हणे, मागे दोन मोठे बच्चे. "बच्चेवाली राग धरते मॅडम. हा आवाज तुमच्या सायकलचाच का?"

"हो. साधा आहे."

"साधा नाही वाटून राहिला," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण बरंच आहे, तिला लांबून ऐकू जाईल."

जमनी १४६/९६, पायांवर सूज. तिच्या नवऱ्याला, गोविंदाला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की दिवाळी झाली की मी स्वतः तिला नेणार. तो मान हलवत राहिला. त्याच्याही डोळ्यांत भीती, पण कशाची, माझ्या बोलण्याची की खालच्या रस्त्याची, कळलं नाही.

शेजारच्या काकू टीव्हीच्या आवाजाबद्दल तिसऱ्यांदा बोलल्या. बाबांना सांगितलं तर त्यांनी टीव्ही बंदच केला आणि गच्चीवर जाऊन बसले. सकाळी बगिच्यातल्या मंडळींकडेही जात नाहीत आता. विचारलं तर म्हणाले, "त्याच त्या गप्पा." मी जरा कठोर बोलले असेन. बघेन नंतर.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज मोटर दोन वेळा निसटली. दुसरा शब्द सुचत नाही. पायडल एकदम हलकं झालं, मोटर रिकामीच किंचाळली, मग पुन्हा पकडलं. दोन्ही वेळा चढावर.

जमनी १५०/१००. मी म्हटलं, शुक्रवारी तयार राहा, खाटेवर रपट्यापर्यंत नेऊ, तिकडून गाडी. पोडाचे नाईक तयार झाले. चार माणसं देतो म्हणाले. रपट्याचं पाणी आता गुडघ्याएवढंच आहे.

बाबांना निसटण्याचं सांगितलं. मी भांडी घासत होते, ते मागे दारात. "एक खेप अजून काढेल ना ती? शुक्रवारची शेवटची."

उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर माझ्याकडेच बघत होते. "हो," म्हणाले. "काढते ना."

२५ ऑक्टोबर, शनिवार

कालचं लिहायचं आहे.

सव्वादहाला निघाले. ठरवलं, चढावर शेवटचं एकदा रेकॉर्ड करायचं, म्हणजे मोटर पाठवताना सोबत देता येईल. म्हणून फोन चालू ठेवला, व्हिडिओवर. बॅटरी कमी होती, माझ्या लक्षात आलं नाही.

तरोट्याच्या वळणाच्या थोडं खाली घर्रर्र एकदम मोठी झाली. मग कडकड, हरभरे भरडल्यासारखी. मग काहीच नाही. मोटर आत फिरत होती, बारीक किंचाळत होती, आणि चाकाला काही कळत नव्हतं. सायकल थांबली. मी पाय टेकला. बटण बंद केलं, परत चालू केलं. तेच. बंद केलं.

एवढे दिवस त्या आवाजाला घाबरत होते. आवाज थांबल्यावर जंगल केवढं आहे ते कळलं.

सायकल उतरून ढकलायला लागले. चोवीस किलोची सायकल, पाठीवर औषधांची पिशवी. घंटी वाजवत होते. दहा पावलांवर मऊ माती आहे, तिथं बुधवारच्या माझ्या टायरची नक्षी अजून होती. नक्षीवर पंजा. पूर्ण, काठ धारदार. बाजूला दोन लहान.

मी मोठ्यानं बोलायला लागले. काय बोलावं सुचेना तर रजिस्टरमधली नावं घेतली, गरोदर बायांची, लसीच्या मुलांची, एकामागून एक, शाळेत हजेरी घेतात तशी. तेवढ्यात वर सागावर वानर खाकरलं, वाघ दिसला की खाकरतं तसं. खक्. खक्. ते मला पाहून ओरडत नव्हतं. त्याचं तोंड उजवीकडे, नाल्याच्या अंगाला होतं. मी तिकडे पाहिलं नाही. नावं घेत सायकल ढकलत राहिले. वाघीण दिसली नाही. दिसली नाही एवढंच मला सांगता येईल.

पोडावर पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. आणि जमनी दारात आडवी.

"बाई, डोस्कं ठनकून राह्यलं. डोयाम्होरं चमकते," ती म्हणाली.

बीपी १७०/११२.

पोडामागे एक खडक आहे. रेंज फक्त तिथं येते. दर खेपेला तिथूनच मी बाबांना पोचल्याचा फोन करते. धावत गेले. फोनमध्ये पाच टक्के. एकशेआठला लावला, बोलणं सुरू झालं आणि कटला. परत लावला, परत कटला. तीन टक्के. मग बाबांना लावला. बाबा पहिल्या रिंगला उचलतात, फोन शर्टाच्या खिशातच असतो.

मी ओरडून सांगितलं. "बाबा, जमनी सीरियस आहे. एकशेआठला फोन करा. गाडी रपट्याच्या तुमच्या बाजूला पाठवा, डांबरी रस्त्यावर. कपिललाही सांगा. कळलं ना?"

"हो," बाबा म्हणाले. "बरं बेटा. बरं. सांभाळून ये."

फोन बंद पडला. पण मला धीर आला. बाबांना सांगितलं म्हणजे झालं.

खाटेला बांबू बांधले. चार माणसं खांद्यावर, चार बदलीला, पुढे-मागे डबे वाजवत. जमनीच्या डोक्यावर ओला पंचा. मी खाटेचा पाय धरून चालत होते. पाच किलोमीटर, दीड तास. पलीकडच्या काठावर गाडी दिसेल म्हणून शेवटच्या वळणावर मी पुढे धावले.

गाडी नव्हती.

येईल म्हणून थांबलो. वीस मिनिटं. मग गोविंदा म्हणाला, "बाई, मी पयत जातो नाक्यावर." पाण्यातून पलीकडे जाऊन तो दिसेनासा झाला. जंगल खात्याचा नाका तिथून तीन किलोमीटर.

तो गेल्यावर दहा मिनिटांत जमनीला झटका आला. डोळे वर गेले, दात बसले, सगळं अंग ताठलं. बाप्ये मागे सरकले. नाईकांनी एकट्यांनी तिचं डोकं धरलं. मी तिला कुशीवर केलं. पिशवीत मॅग्नेशियमच्या सुया होत्या. ते औषध भरताना घाईत पहिली काचेची कुपी फुटली. जास्तीच्या होत्या म्हणून निभावलं. झटका थांबवायची ती सुई दोन्ही कुल्ल्यांत दिली. मग बसून तिचे श्वास मोजले. मोजताना मी मनात म्हणत होते, बाबांनी फोन केला आहे, गाडी वाटेत आहे. ती वाटेत नव्हती.

कपिल जीप घेऊन आला तेव्हा चार वाजायला आले होते. त्याला फक्त गोविंदानं सांगितलं होतं. दुसऱ्या कोणीच नाही.

मारेगाव, तिथून यवतमाळ. मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी, एक किलो नऊशे. काचेत ठेवली आहे. जमनी अजून कोणाला ओळखत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी घरी आले. बाबा दारातच उभे होते. आदल्या दिवशी कपिलनं घरी येऊन, मी दवाखान्यात आहे एवढं सांगितलं होतं.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, "तुम्ही फोन काहून नाही केला?"

ते बघत राहिले.

"एकशेआठला. मी सांगितलं होतं. तुम्ही हो म्हटलं, बरं म्हटलं. तिथं झटका आला तिला, बाबा. आम्ही गाडीची वाट बघत बसलो. तुम्ही काय करत होता?"

मी ओरडत होते. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. आणि तेव्हा मला दिसलं की बाबा माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघून राहिले आहेत. फार लक्ष देऊन, परीक्षेतला पोरगा फळ्याकडे बघतो तसे.

मी थांबले. मग पाठ फिरवली आणि हळू आवाजात म्हटलं, "बाबा, पाणी द्या."

काहीच हललं नाही. परत म्हटलं. मग वळले. ते तिथंच उभे होते, उत्तर शोधत.

लहान मुलांच्या कानांची मी हीच तपासणी करते. मागे उभं राहून नाव घेते. आठ वर्षं करते आहे.

बाबा खाली बसले. "तुझा आवाज ओळखू येते मले," म्हणाले. "शब्द नाही येत. तू रोज पोचली की फोन करते. मले वाटलं, पोचली म्हणून सांगून राहिली."

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हा ती सांगायची मग, कोण काय बोललं ते. ती गेली तेव्हा समजलं किती गेलं आहे ते."

"आणि मोटर?"

"नाही ऐकू आली," म्हणाले. "फोनवर पण नाही, सायकलवर पण नाही. हाताला थोडं खरखर लागलं होतं. मी म्हटलं तुला साधाच वाटते तर साधाच असेल. तू माझ्याकडे अशी बघून राहिली होती... नाही ऐकू येत म्हणायला मले भ्या वाटलं."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. एक गोष्ट खरी लिहायला हवी. मीही त्यांना आवाज विचारलाच नव्हता. मला ठीक आहे ऐकायचं होतं, आणि ते सांगेल असं माणूस मी शोधलं होतं. मेकॅनिकनं नाही म्हटलं होतं. कपिलनं पण नाही म्हटलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यातून गोविंदाचा फोन आला. जमनीनं त्याला नावानं हाक मारली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कपिलनं तीन जणांना घेऊन सायकल खाली आणली. यवतमाळला मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे नेली. त्यानं अशी मोटर आधी उघडली नव्हती, पण उघडली. आतून तांबडं पाणी निघालं. बेअरिंगच्या गोळ्यांना गंजाचे खड्डे. त्यामुळे दांडा हलायला लागला आणि प्लॅस्टिकच्या चक्राचे दात घासत गेले. अर्धं चक्र गुळगुळीत.

"लय दिवस बोंबलत असंल ही," तो म्हणाला.

बाबा सोबत होते. त्यांनी ते चक्र हातात घेतलं, अंगठ्यानं दात चाचपले. मग दुकानातून बाहेर जाऊन उभे राहिले. मी गेले तर म्हणाले, "ती पोरगी मेली असती." मी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं.

वॉर्डात जमनीकडे गेलो. बाबा दूर उभे होते. जमनीनं विचारलं, हे कोण. मी म्हटलं, माझे बाबा. तिला बाकीचं सांगितलं नाही. सांगावं की नाही ते अजून ठरलेलं नाही. मुलगी दूध ओढून राहिली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना कान तपासायला नेलं. तीनदा नको म्हणाले. बसमध्ये माझी ओढणी धरून बसले होते, लहान मूल बसतं तसे, आणि धरली आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

छोटी खोली, जाड दार, एक काच. आत बाबा, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रावर दोन दिवे. तपासणाऱ्या मॅडमनी आवाज सोडला की हिरवा लागतो. पेशंटनं बटण दाबलं की तांबडा.

हिरवा लागला. तांबडा नाही. हिरवा लागला. तांबडा नाही. मॅडम आवाज वाढवत गेल्या. मी काचेतून बघत होते. बाबांच्या कपाळावर घाम होता.

मग हिरवा नसताना तांबडा लागला. परत लागला. थोडं थांबून आणखी एकदा. बाबा चेहरा शांत ठेवून, मान हलवत, बटण दाबत होते. कोणताही आवाज सोडलेला नव्हता.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अंदाजानं दाबून राहिले काका."

मी आत गेले. त्यांचे हेडफोन काढले, समोर उकिडवी बसले, तोंड नीट दिसेल अशी. "बाबा, नाही आला तर नाही दाबायचं."

"मग बराच वेळ काहीच दाबणार नाही मी," ते म्हणाले.

"चालेल."

"तुले वाईट नाही वाटणार?"

"वाटेल. तरी नका दाबू."

त्यांनी मान हलवली. मी बाहेर आले, दार लावलं. त्यांनी अंगठा बटणावरून उचलला आणि हवेत धरला. माझ्याकडे पाहिलं नाही, अंगठ्याकडे पाहत बसले.

हिरवा. काही नाही. हिरवा. काही नाही. मॅडम चकती एक-एक घर पुढे नेत होत्या आणि मी प्रत्येक घराला घाबरत होते. किती घरं बाकी आहेत ते मी मोजलं नाही. अंगठा हवेतच होता.

मग हिरवा लागला आणि बाबांनी मान वर केली. क्षणभर थांबले, खात्री करत असल्यासारखे. आणि तांबडा लागला.

मॅडमनी कागदावर पहिली खूण केली.